नगराचा कचरा आणि प्रदेशाची योजना : जयपूरचे उदाहरण

आमेरच्या डोंगरातील अपुरी पडू लागलेली राजधानी सोडून सवाई जयसिंहाने १७२७ साली दक्षिणेकडील मैदानात नवे नगर वसविण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्या नगराचा आराखडा घरे बांधण्यापूर्वी कागदावर उतरला होता. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने आखलेला हा नऊ चौकड्यांचा नकाशा आज जगातील नगररचनेच्या ग्रंथांतून आदराने उल्लेखिला जातो, आणि २०१९ साली युनेस्कोने या तटबंद नगरास जागतिक वारशाचा मान दिला. परंतु या नकाशातील खरे शहाणपण त्याच्या काटकोनांत नाही, ते त्या काटकोनांनी भूमीपुढे घेतलेल्या माघारीत आहे. वायव्येस नाहरगडचा डोंगर आडवा आला, तेव्हा तेथील चौकडी उचलून आग्नेयेस नेण्यात आली. सूरजपोल ते चांदपोल हा पूर्व-पश्चिम राजमार्ग जमिनीच्या नैसर्गिक उंचवट्यावरून नेण्यात आला. त्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही अंगांस उतरून जाई. डोंगर, उतार, पाणी आणि वाट यांचा विचार आधी आणि रेषा नंतर, असा तो क्रम होता.

या सुंदर नकाशात राजवाडा, देवालये, बाजार, वेधशाळा, कारागिरांच्या वस्त्या या सर्वांस जागा मिळाली आहे. कचऱ्यास मात्र जागा नाही, आणि त्याबद्दल विद्याधरांस दोष देण्याचे कारणही नाही. अठराव्या शतकातील घरातून बाहेर पडणारी वस्तू म्हणजे राख, शेण, केरकाडी आणि भाजीपाल्याची साले. यांतील काही जनावरांच्या पोटात जाई, काही शेतात. फुटलेले मडके मातीतच मिळून जाई. नगर आणि त्याच्या भोवतीची शेती यांच्यामध्ये एक अबोल देवघेव चालू असे : गावाकडून धान्य यावे आणि नगराकडून खत जावे. हे चक्र जेथे तुटले तेथे आजच्या प्रश्नाचा जन्म झाला. नगराची भूक वाढत गेली, गावाकडून येणारा माल वाढत गेला. परत जाणारी वस्तू मात्र खत न राहता उपद्रव झाली.

उपद्रवाचे मान ध्यानी येण्यासाठी थोडे अंकगणित करून पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार जयपूर नगराची लोकसंख्या तीस लाखांवर होती. भारतातील मोठ्या नगरांत प्रत्येक माणसामागे दररोज सुमारे अर्धा किलोग्रॅम कचरा निघतो असे धरले, तर त्या वेळचाच रोजचा ढीग १,५०० टनांचा होतो, आणि वर्षाचा साडेपाच लाख टनांचा. हा सगळा कचरा चांगला दाबून पसरला, एका घनमीटरात ०.८५ टन मावला, आणि त्याचा थर दहा मीटर उंच रचला, तरी दरवर्षी सुमारे साडेसहा हेक्टर, म्हणजे सोळा एकर भूमी त्याखाली जाईल. वीस वर्षांत सव्वाशे हेक्टरांहून अधिक. आता दुसरा हिशेब. या कचऱ्यातील निम्मा भाग ओला, कुजणारा आहे. त्याचे खत झाले. आणखी तीन दशांश भाग कागद, कापड, काच, धातू, प्लास्टिक असा. तोही कामी लागला. उरलेला पाचवा हिस्साच पुरायचा ठरला तर वीस वर्षांस सव्वीस हेक्टर पुरतात. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत आणि प्रत्यक्षात ते पुढेमागे होतील. पण सव्वाशे आणि सव्वीस यांतील अंतर हाच या निबंधाचा विषय होय.

आजवर जयपूरचा कचरा मुख्यतः तीन ठिकाणी जात आला आहे : मथुरादासपुरा, लांगडियावास आणि सेवापुरा. ही नावे गावांची आहेत. नगराच्या नकाशावर ती काठाला दिसतात. तेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो काठ नसून त्यांचे घर आहे. ज्या गावाला नगराच्या विजेचा, शाळांचा, नळाच्या पाण्याचा वाटा सर्वांत शेवटी मिळतो, त्याच गावाला नगराच्या कचऱ्याचा वाटा सर्वांत आधी मिळावा, ही गोष्ट केवळ जयपूरची नाही. प्राचीन अथेन्समध्ये नगराच्या तटापासून दहा स्तादियांच्या आत, म्हणजे सुमारे दोन किलोमीटरांच्या आत, मैला टाकू नये असा नियम होता. दहा स्तादियांच्या पलीकडे कोण राहते, याची चौकशी त्या नियमात नव्हती. अडीच हजार वर्षांनंतरही आपल्या नगरांची समजूत फार पुढे गेलेली नाही.

ढिगाऱ्याच्या पोटात काय घडते हे समजल्यावाचून त्याच्या जागेविषयी मत बनविणे व्यर्थ आहे. ताज्या कचऱ्यात प्रारंभी हवा असते. तीत वाढणारे सूक्ष्मजंतू अन्नाचे उरलेले अंश झपाट्याने फस्त करतात व ढीग तापतो. वरून नवा थर पडला की आतील प्राणवायू संपतो आणि प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूंचे राज्य सुरू होते. ते त्याच अन्नाचे आधी आम्लांत व शेवटी मिथेन आणि कार्बन डायॉक्साइड या वायूंत रूपांतर करतात. मिथेन ज्वालाग्राही आहे. म्हणून कचऱ्याचे डोंगर उन्हाळ्यात धुमसतात आणि वरून पाणी मारले तरी आतली आग सहजी विझत नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार येथील क्षेपणभूमीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला होता. वातावरण तापविण्याच्या कामी हा वायू, शंभर वर्षांच्या मुदतीत मोजल्यास, कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट प्रभावी ठरतो.

दुसरे संकट खाली उतरते. कुजण्यातून निघालेली आम्ले, क्षार आणि बॅटऱ्या, रंग, धातूंचे तुकडे यांतून सुटलेली द्रव्ये पाण्याबरोबर ढिगाच्या तळाशी पाझरतात. राजस्थानसारख्या कोरड्या मुलखात हे भय कसले, असा आक्षेप पुष्कळदा घेण्यात येतो. तो वरवरचा आहे. जयपुरात वर्षाकाठी सरासरी सहाशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा तीन महिन्यांत उतरतो. आणि जुलै १९८१ च्या महापुराने हे दाखवून दिले की, कोरड्या मुलखातील पाऊस सरासरी पाहून पडत नाही. शिवाय भाजीपाल्याच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचेच असते. आकाशातून थेंब न पडला तरी ढीग स्वतःचे पाणी घेऊनच आलेला असतो.

यावर अभियंत्यांनी शोधलेला उपाय म्हणजे शास्त्रीय भूभराव. अमेरिकेतील फ्रेस्नो नगरात १९३७ साली जीन व्हिन्सेंझ या अभियंत्याने चर खणून, कचरा दाबून, दररोज मातीने झाकण्याची पद्धत रूढ केली. पुढे तळाला अस्तर घालण्याची जोड मिळाली. भारतातील नियमांनी या अस्तरासाठी नव्वद सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची चादर सांगितली. मातीची पारगम्यता सेकंदाला एका सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक नसावी अशी अट आहे. या अटीचा अर्थ असा की, पाण्याला त्या मातीतून एक सेंटीमीटर सरकावयास एक कोटी सेकंद, म्हणजे सुमारे ११६ दिवस लागावेत. सबंध थर ओलांडावयास या साध्या हिशेबाने अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे लागतील. म्हणजे अस्तर पाणी कायमचे अडवीत नाही, ते मुदत मिळवून देते. आणि त्या मुदतीत तळाशी साचलेले काळे पाणी नळ्यांनी उपसून शुद्ध करीत राहावे लागते. भूभराव बांधून विसरून जाण्याची वस्तू नव्हे. उघड्या जमिनीवर नुसत्या ओतलेल्या ढिगाला तर ही मुदतही नसते.

मग असा भूभराव कोठे बांधावा? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी याची अंतरे घालून दिली होती : नदीपासून शंभर मीटर; तळी, महामार्ग, वस्ती, उद्याने आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी यांपासून दोनशे मीटर; विमानतळापासून वीस किलोमीटर. विमानतळाची अट विचित्र वाटेल. पण उघड्या कचऱ्यावर घारी आणि गिधाडे जमतात आणि उड्डाण करणाऱ्या विमानाशी त्यांची टक्कर प्राणघातक ठरू शकते. आता जयपूरचा विमानतळ सांगानेर येथे, नगराला अगदी लागून आहे. त्याच्याभोवती वीस किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ साडेबाराशे चौरस किलोमीटरांहून अधिक भरते. २०११ च्या सुमारास महानगरपालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरांच्याही आत होती. दहा ते वीस किलोमीटरांच्या पट्ट्यात विमान वाहतूक खात्याच्या संमतीने सूट मिळू शके, हे खरे. तरीही ही एकच अट नगराचा बहुतेक भाग गिळून टाकते. त्यावर नद्या, विहिरी, वस्त्या यांची वर्तुळे चढवावी, उत्तरेच्या व पूर्वेच्या अरवलीच्या रांगा वगळाव्या, मग नकाशावर काय उरते ते पाहावे. जे उरते ते जवळपास सर्व दुसऱ्या कोणाच्या तरी हद्दीत असते. म्हणजे ज्या नियमाने कचरा ही नगरपालिकेची जबाबदारी ठरविली, त्याच नियमाच्या अंतरांनी ती जबाबदारी नगरपालिकेच्या हद्दीत पार पाडणे अशक्य केले. कचऱ्याची योजना नगराची नसून प्रदेशाची असावी, हे भूमितीनेच सिद्ध होते.

पाण्याकडे पाहिले तरी हेच दिसते. नगराच्या पश्चिम अंगाने वाहणारी द्रव्यवती नदी, जिला कित्येक दशके लोक अमानीशाहचा नाला म्हणून ओळखत, सुमारे ४७ किलोमीटर वाहत जाऊन ढूंढ नदीस मिळते. ढूंढ मोरेलला, मोरेल बनासला, बनास चंबळेला आणि चंबळ यमुनेला. या नदीच्या काठांचे पुनरुज्जीवन करण्याच्या प्रकल्पातील काही भागाचे २०१८ साली उद्घाटन झाले. परंतु नदीचा काठ कितीही देखणा केला, तरी वरच्या बाजूच्या मोहल्ल्यांतून गटारांत पडणारा कचरा पहिल्या जोराच्या पावसात तिच्या पात्रात येणारच. नदीला प्रभागांच्या सीमा ठाऊक नसतात.

आपल्या राज्यकर्त्यांस ही गोष्ट कळलीच नव्हती असे नव्हे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घनकचरा व्यवस्थापन हा विषय नगरपालिकांकडे सोपविण्याजोगा मानला, आणि त्याच दुरुस्तीने महानगर नियोजन समितीचीही तरतूद केली. नगरपालिका व ग्रामपंचायती यांच्या समान हिताच्या गोष्टी, पाण्याची व अन्य नैसर्गिक साधनांची वाटणी, यांचा विचार करून सबंध महानगर प्रदेशाचा आराखडा सिद्ध करणे हे तिचे काम. तिच्या दोन-तृतीयांशांहून कमी नाहीत इतके सभासद नगरपालिकांच्या सभासदांनी व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यांतून निवडून द्यावयाचे. घटनाकारांच्या या कल्पनेत गावाचा सरपंच आणि नगराचा सभासद एकाच मेजाशी बसतात. देशातील बहुतेक महानगरांत या मेजाचा उपयोग क्वचितच झाला, ही खेदाची गोष्ट आहे. जयपुरात प्रदेशाचा आराखडा करण्याचे काम १९८२ साली स्थापन झालेल्या विकास प्राधिकरणाकडे राहिले; त्याच्या २०११ मध्ये मंजूर झालेल्या महायोजनेचे क्षेत्र सुमारे तीन हजार चौरस किलोमीटरांचे होते. म्हणजे जमीन आखणारे एक आणि कचरा उचलणारे दुसरे. २०१९ साली महानगरपालिकेचे ‘हेरिटेज’ आणि ‘ग्रेटर’ असे दोन भाग झाले, आणि २०२५ मध्ये ते पुन्हा एक करण्यात आले. सहा वर्षांत फलक दोनदा बदलले. ढिगारे जेथल्या तेथे.

हा प्रश्न उघड्यावर आणून सोडविण्याचे धाडस एका मोठ्या नगराने केले, त्याची कथा सांगण्यासारखी आहे. टोकियोच्या तेवीस प्रभागांचा कचरा पुष्कळ वर्षे कोतो या एकाच प्रभागातील समुद्राच्या भरावावर जात होता. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या भरावावर माश्यांचे असे पेव फुटले की, लगतच्या शाळा व घरे त्रस्त झाली. कचऱ्याच्या मोटारींची रांग रस्त्यांवरून रात्रंदिवस वाहत असे. १९७१ साली गव्हर्नर मिनोबे यांनी ‘कचऱ्याविरुद्ध युद्ध’ पुकारले आणि प्रत्येक प्रभागाने आपापल्या कचऱ्याचा भार उचलावा असे तत्त्व पुढे आले. सुखवस्तू सुगिनामी प्रभागाने मात्र आपल्या भागात भट्टी नको म्हणून विरोध केला. तेव्हा कोतोच्या रहिवाशांनी १९७३ मध्ये सुगिनामीहून येणाऱ्या मोटारी रस्त्यातच अडविल्या. हा भांडखोरपणा वाटेल; पण त्यात न्यायाचे एक साधे सूत्र होते. तुमच्या दारी तुम्हांस जे नको, ते आमच्या दारी का? पुढे सुगिनामीत तडजोड झाली, भट्टी उभी राहिली, आणि अखेर २००० साली तेवीस प्रभागांनी मिळून कचरा हाताळणारी एक संयुक्त संस्था स्थापिली. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी भार सर्वांनी वाटून घेतला, मग सहकार्य शक्य झाले. भार एकाच्या शिरी ठेवून केलेल्या सहकार्याला सहकार्य हे नाव शोभत नाही.

महाराष्ट्रातील वाचकास यासाठी जपानपर्यंत जावयास नको. पुण्याचा कचरा सोसलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांची आंदोलने त्याच्या परिचयाची आहेत. ही गावे २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत घेण्यात आली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये औरंगाबादेजवळच्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या, तेव्हा काही दिवसांतच सबंध नगराचे रस्ते कचऱ्याने भरून गेले. पर्यायी जागा म्हणून जेथे जेथे गाड्या गेल्या तेथे तेथे लोक उभे राहिले. हे लोक विज्ञानविरोधी होते काय? मुळीच नाही. आधीच्या पिढीला दिलेली वचने कशी पाळली गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि अनुभवावरून अनुमान काढणे ही तर विज्ञानाचीच रीत होय.

येथे एका गैरसमजाचा परिहार केला पाहिजे. प्रादेशिक योजना म्हणजे आणखी दूरचा, आणखी मोठा खड्डा, असा अर्थ कित्येकदा घेतला जातो; आणि म्हणूनच प्रदेश हा शब्द ऐकताच गावे सावध होतात. वास्तविक ज्या वस्तूला दूर नेण्याची गरज नाही ती दूर नेऊ नये, हे प्रादेशिक योजनेचे पहिले कलम असले पाहिजे. ओला कचरा जड, पाणीदार आणि लवकर कुजणारा. त्याची वाहतूक म्हणजे पैसे खर्चून पाणी फिरविणे. मोहल्ल्यातून फिरणारी लहान गाडी, जिला आपल्याकडे घंटागाडी आणि जयपुरात ‘हूपर’ म्हणतात, तिच्यात एक टन कचरा मावतो आणि क्षेपणभूमी पंचवीस किलोमीटरांवर आहे असे समजू. १,५०० टनांसाठी अशा गाड्यांना दररोज ७५,००० किलोमीटर धावावे लागेल. पृथ्वीभोवती विषुववृत्तावरून जवळजवळ दोन फेऱ्या. मध्ये एखाद्या केंद्रावर कचरा पंधरा टनी वाहनात भरला तर हेच अंतर ५,००० किलोमीटरांवर येते. आणि निम्मा कचरा मोहल्ल्यातच खतात गेला तर त्याच्याही निम्म्यावर. इंधनाची ही बचत कोणत्याही महागड्या यंत्राविना साधते.

खताच्या विषयात तर मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा इतिहास आहे. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून, ओलावा व हवा यांचे नियमन करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत सिद्ध करण्याची रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धती’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली ती ज्या ग्रंथात प्रसिद्ध झाली त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे; हे दुसरे नाव पुष्कळदा विसरले जाते. पुढे डॉ. आचार्य यांनी नगरांच्या कचऱ्यासाठी ‘बंगलोर पद्धती’ सुचविली. नीट रचलेल्या ढिगात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण तीसास एक असे राखले, तर आतील उष्णता साठ अंशांच्या घरात चढते आणि रोगजंतू व तणांची बीजे मरून जातात. त्याच इंदूर नगरात फेब्रुवारी २०२२ मध्ये दररोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा प्रकल्प सुरू झाला. तो चालतो तो यंत्राच्या कौशल्यावर नव्हे. घरोघरी ओले आणि सुके वेगळे ठेवण्याची सवय नगराने अंगी बाणवली म्हणून.

जयपूरभोवतीची जमीन पुष्कळ ठिकाणी रेताड. रेताड जमिनीत पाणी थांबत नाही, कारण तीत सेंद्रिय अंश थोडा. अशा जमिनीला कंपोस्ट म्हणजे स्पंजाचे काम करणारी वस्तू. बस्सी, चाकसू, चोमूकडचा बाजरी, गहू आणि भाजी पिकविणारा शेतकरी हा या योजनेतील भागीदार आहे, केवळ जागामालक नव्हे. पण त्याच्या शेतात काचेचे तुकडे आणि प्लास्टिकच्या चिंध्या मिसळलेले खत नेऊन टाकणे ही फसवणूक होईल. राजस्थानने १ ऑगस्ट २०१० पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली; ती बंदी कागदावर जितकी भक्कम दिसते तितकी बाजारात दिसत नाही, हे कोणत्याही गायीच्या चरण्याकडे पाहून कळते.

जाळून वीज करण्याचा मार्ग अनेकांस आकर्षक वाटतो. लांगडियावास येथेही तसा प्रकल्प योजला गेला. या मार्गाला सरसकट नाकारणे योग्य नाही, पण त्याच्या आहारी जाणे त्याहून अयोग्य. दिल्लीच्या तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्राने रोज ३०० टन कचरा जाळणारी भट्टी बांधण्यात आली आणि ती जेमतेम तीन आठवडे चालून बंद पडली. भट्टी वाईट नव्हती. ती ज्या कचऱ्यासाठी आखली होती त्याची उष्णताशक्ती दिल्लीच्या ओल्या, मातीमिश्रित कचऱ्यात नव्हती. डेन्मार्कचा कचरा जळतो, कारण त्यात कागद फार आणि पाणी थोडे. वाळवंटाच्या कडेवरील नगरात झाडलोटीबरोबर धूळ व रेती गाडीत चढते, आणि रेती जळत नाही. त्यापेक्षा निवडून वाळविलेला ज्वलनशील भाग सिमेंटच्या भट्ट्यांत, जेथे चौदाशे अंशांची उष्णता असतेच, कोळशाच्या जोडीने जाळणे बरे. चितोडगड-निंबाहेडा परिसरात अशा भट्ट्या आहेत. परंतु ही जोडणी जयपूर नगरपालिकेच्या हद्दीत बसून होत नाही. येथेही विचार प्रदेशाचाच करावा लागतो.

सुक्या कचऱ्याबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण जयपूरला त्याची शिकवण बाहेरून घेण्याची गरज नाही. सांगानेरचे कागझी कुटुंब-समुदाय पिढ्यान्‌पिढ्या सुती कापडाच्या चिंध्यांपासून हातकागद करीत आले आहेत. शिंप्याच्या कात्रीखालून पडलेला तुकडा त्यांच्या हाती उत्तम कागद होतो. तेथेच हातकागदाची राष्ट्रीय संस्था कुमारप्पांच्या नावाने उभी आहे. भंगार गोळा करणारा कबाडी आणि पाठीवर गोणी घेऊन फिरणारा कचरावेचक हे याच परंपरेतील. फरक इतकाच की, त्यांना अद्याप कोणी कारागीर म्हणत नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ साली संघटना आणि २००८ साली सहकारी संस्था उभी करून घराघरांतून कचरा उचलण्याचे काम अधिकाराने हाती घेतले. नवा ठेकेदार नेमून या माणसांना ढिगापासून हाकलून लावणारी योजना, तिच्याजवळ कितीही यंत्रे असली तरी, नगरातील सर्वांत स्वस्त वर्गीकरण-यंत्रणा मोडून टाकते.

तेव्हा जयपूरच्या महायोजनेत कचऱ्यासाठी काय असावे? जागा आधी राखून ठेवावी, आणि तीभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टाही. वस्ती आल्यावर ढीग हलविणे आणि ढीग आल्यावर वस्ती हलविणे ही दोन्ही कामे सारखीच क्रूर आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची रीतसर सोय नसताना नव्या इमारतींस परवानगी देऊ नये असा आदेश दिला होता आणि दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो शिथिल केला. न्यायालयाला जे सांगावे लागले ते नगररचनाकाराने स्वतः होऊन सांगावयास हवे होते : इमारतीच्या नकाशाबरोबर तिच्या कचऱ्याचाही नकाशा मागावा. दुसरे, भार वाटून घ्यावा. ज्या गावाने उरलेला पाचवा हिस्सा स्वीकारला, त्याला प्रत्येक टनामागे मोबदला मिळावा, तो दान म्हणून नव्हे तर भाडे म्हणून. आणि जो मोहल्ला न निवडलेला मिश्र कचरा पाठवील त्याला तो भाव चढा पडावा. जुन्या ढिगाऱ्यांचे उत्खनन करून माती, दगड, प्लास्टिक वेगळे काढण्याचे काम २०२१ नंतर देशभर सुरू झाले आहे. मोकळी झालेली जमीन प्रथम त्या गावाच्या उपयोगासाठी राहावी, नव्या कचऱ्यासाठी नव्हे. काही मंडळी म्हणतील की, इतका मोबदला नगराला परवडणार नाही. आज तो परवडतो तो केवळ गावकरी आपल्या विहिरींच्या आणि श्वासाच्या रूपाने तो भरीत आहेत म्हणून.

आणि विहिरींचे पाणी मोजले जावे. ढिगाच्या चढाकडे एक आणि उताराकडे निदान दोन अशा परीक्षण-विहिरी खणाव्यात; पावसाळ्यापूर्वी व नंतर त्यांतील क्षार, नायट्रेट, शिसे यांची मोजणी करावी, आणि आलेले आकडे केवळ कार्यालयाच्या फायलीत न ठेवता लांगडियावास, मथुरादासपुरा व सेवापुरा येथील शाळांच्या भिंतींवर हिंदीत लिहून लावावेत. चढाकडील आणि उताराकडील विहिरींच्या आकड्यांतील वजाबाकी सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास सहज करता येते.